पाणी शेंड्यापर्यंत कोण नेते?

पावसाळा आला की आपण अंगणात, मशिदीच्या आवारात, कब्रस्तानात रोपे लावतो. खड्डा चांगला, खत चांगले, पाणीही रोजचे. तरी चार दिवसांत रोप मान टाकते. मग आपण आणखी पाणी ओततो. पण दुखणे पुष्कळदा पाण्याच्या कमतरतेचे नसतेच.

आपल्याला वाटते, मुळे पाणी वर ढकलतात. थोडेफार ढकलतातही, पहाटे गवताच्या टोकांवर दिसणारे काही थेंब त्याच दाबाने आलेले असतात. पण २० मीटर उंच माडाच्या शेंड्यापर्यंत पाणी पोहोचवायला तो दाब पुरत नाही. विहिरीच्या काठावरची मोटारही पाणी ७-८ मीटरपेक्षा खाली गेले की ओढू शकत नाही. मग माडाला एवढा जोर कुठून येतो?

तो पानांतून येतो. पानांवर डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रे असतात. उन्हात त्यांतून पाण्याची वाफ बाहेर पडते. पाण्याचे कण एकमेकांना घट्ट धरून असतात. वरचा कण गेला की तो मागच्याला ओढतो. खोडातल्या बारीक नळ्यांत पानापासून मुळापर्यंत पाण्याचा असा अखंड धागा ताणलेला असतो. डब्लिनच्या हेन्री डिक्सन आणि जॉन जोली यांनी १८९४ मध्ये हे मांडले. मुळांनी शोषलेल्या पाण्यापैकी शेकडा ९५ हून अधिक पाणी असे वाफ होऊनच जाते.

रोप उपटताना पाणी शोषणारी नाजूक मुळे तुटतात, पण पाने ओढतच राहतात. ताण फार वाढला की नळीत हवेचा बुडबुडा होतो आणि धागा तुटतो. मग खाली कितीही पाणी असले, तरी त्या नळीतून ते वर चढत नाही.

म्हणून रोप असरनंतर, ऊन उतरल्यावर लावावे. पिशवी कापून काढावी, मुळांभोवतीची माती फुटू देऊ नये. मुळे उघडी पडलीच, तर काही पाने कमी करावीत. पहिले काही दिवस काठ्या रोवून वर जुनी ओढणी किंवा गोणपाट बांधावे. माती ओली असावी, पण चिखल नको. चिखलात मुळांना हवा मिळत नाही. नवी पालवी दिसू लागली की मुळे धरली असे समजावे आणि सावली हळूहळू काढावी.