चार इंचांचा मावळा, दोन मीटरचा किल्ला

१ : १७.
१ : ८७५.
१ : २०.

दिवाळीच्या तोंडावर बेळगावच्या गल्ल्यांत आणि निपाणीच्या अंगणांत ही तीन मापं मुलांनी रचलेल्या किल्ल्याच्या एकाच ढिगाऱ्यावर नांदत असतात. पहिलं माप मावळ्याचं, दुसरं त्याच्या पायाखालच्या किल्ल्याचं. तिसरं, एक मावळा किती शिपायांच्या वतीने उभा आहे त्याचं. मुलं ही मापं कागदावर मांडत नाहीत, पण पाळतात. जगभर छोट्या सैनिकांची सैन्यं जमवणारे, रंगवणारे आणि टेबलावर लढाया खेळणारे लोकही अशीच तीन मापं पाळतात. आपल्या किल्ल्याकडे त्या नजरेने पाहिलं, तर मोठ्यांना जी चूक वाटते तीच या खेळाची खरी खूण आहे, हे लक्षात येतं.

मावळा दारातून जाणार कसा?

ही मोठ्यांची ठरलेली शंका. मावळा बुरुजापेक्षा उंच आणि महाराज तर अख्ख्या बालेकिल्ल्याएवढे. आपण हिशेबच मांडू.

बाजारातला मातीचा मावळा साधारण चार इंचांचा, म्हणजे १० सेंटिमीटर. माणसाची उंची १७० सेंटिमीटर धरली, तर त्याचं माप पडतं १ : १७. आता किल्ला पन्हाळ्याचा करायचा असं ठरवू. निपाणीहून कोल्हापूरमार्गे तो साधारण ६० किलोमीटरवर आहे, आणि जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात आलेल्या १२ किल्ल्यांपैकी एक आहे. त्याची तटबंदी सुमारे ७ किलोमीटरची. अंगणातली जागा दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद, म्हणजे घेर ८ मीटर. ७,००० भागिले ८ म्हणजे ८७५. किल्ल्याचं माप झालं १ : ८७५.

म्हणजे मावळा किल्ल्याच्या मानाने ५१ पट मोठा आहे. दोघांना एकाच मापात आणायचे दोनच मार्ग. किल्ला मावळ्याच्या मापाने करायचा, तर तट ४१२ मीटरचा होईल आणि अख्खी गल्ली खोदावी लागेल. मावळा किल्ल्याच्या मापाने करायचा, तर त्याची उंची भरेल जेमतेम २ मिलिमीटर. मोहरीच्या दाण्याएवढी.

ती मोहरी किल्ल्यावर असतेच. गोणपाट चिखलात बुडवून दगडविटांवर अंथरलं, बेळगावात तांबड्या मातीचा आणि निपाणीकडे काळ्या मातीचा हात फिरवला, की डोंगरउतारावर मोहरी नाहीतर अळीव पेरायचं. चार-सहा दिवसांत ५ सेंटिमीटरचे कोंब येतात. मावळ्याच्या मापाने ते गुडघ्याच्या वर पोचणारं ८५ सेंटिमीटरचं गवत. किल्ल्याच्या मापाने पाहिलं, तर तीच ४४ मीटर उंच झाडं. एकाच कोंबाचं जवळून गवत होतं आणि लांबून रान होतं. दोन मापं एकत्र नांदतात ती अशी.

उंचीचंही तेच. पन्हाळा भोवतालच्या सपाटीपासून सुमारे ४०० मीटर उठतो. १ : ८७५ ने त्याची उंची भरते ४६ सेंटिमीटर, दीड फूट. मुलं मात्र तीन फुटांचा डोंगर उभा करतात, म्हणजे जवळपास दुप्पट. उठावाचे नकाशे करणारेही उंची मुद्दाम वाढवून दाखवतात, नाहीतर चढ डोळ्यांना जाणवत नाही. किल्ल्याचा खरा गुण चढ हाच आहे. मुलांनी तो बरोबर हेरलेला असतो.

बाहेरचं जग काय करतं?

प्रशियाच्या सैन्यात १८२४ मध्ये राइसविट्झ या तोफखान्यातल्या अधिकाऱ्याने आखलेला ‘क्रीगश्पील’ हा युद्धाचा खेळ रूढ झाला. नकाशा १ : ८,००० मापाचा आणि सैन्याच्या जागी छोटे ठोकळे. माणसाचा आकार त्यात नव्हताच. लंडनच्या विल्यम ब्रिटन कंपनीने १८९३ पासून शिशाचे पोकळ सैनिक ओतायला घेतले आणि ते घरोघरी गेले. त्यांची ५४ मिलिमीटर उंची पुढे खेळातल्या सैनिकांचं ठरीव माप बनली, म्हणजे १ : ३२ च्या आसपास. १९१३ मध्ये लेखक एच. जी. वेल्स यांनी ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात अशा सैनिकांशी जमिनीवर आणि बागेत खेळायचे नियम लिहिले. आज टेबलावर २८ मिलिमीटरचे सैनिक जास्त दिसतात. इतिहासातल्या पलटणी त्या मापात मिळतात, आणि १९८३ मध्ये सुरू झालेल्या ‘वॉरहॅमर’सारख्या कल्पित जगातले राक्षस, बुटके आणि ड्रॅगनही.

या सगळ्यांना एकच अडचण येते. जुन्या बंदुकीचा कामाचा पल्ला साधारण ९० मीटर. ५४ मिलिमीटरच्या सैनिकाच्या मापाने तो टेबलावर जवळपास पावणेतीन मीटर भरतो, टेबलाच्या बाहेर जातो. म्हणून खेळणारे जमिनीचं माप वेगळं ठेवतात. सैनिक मोठा, कारण तो डोळ्यांना दिसायला हवा आणि हाताने रंगवता यायला हवा. मैदान लहान, कारण सगळी लढाई एका नजरेत मावली पाहिजे. आपल्या गल्लीतली पोरंही हेच सांगतील, मावळा बारीक केला तर दिसणार कसा?

आडवा मावळा, म्हणजे एक पल्ला

आता तेच ९० मीटर १ : ८७५ ने मोजा. उत्तर येतं १० सेंटिमीटर, बरोबर एका मावळ्याची उंची. म्हणजे अंगणातल्या पन्हाळ्यावर बंदुकीचा पल्ला मोजायला फूटपट्टी लागत नाही. मावळा आडवा ठेवायचा. डोकं टेकेल तिथपर्यंत गोळी पोचते.

इथून किल्ला खेळायला घेता येतो. आपल्याकडे किल्ला बांधतात, सजवतात, स्पर्धेला लावतात. त्यावर लढाई मात्र क्वचित खेळतात. नियम दोनच पुरेत, आणि फासा ल्युडोचा चालेल. मोकळ्यावर उभ्या असलेल्याला ५ किंवा ६ पडलं की गोळी लागते, म्हणजे तिनांत एक वेळा. तटाआडच्याला फक्त ६ पडलं तरच, म्हणजे सहांत एक वेळा.

चार घरांचे मावळे एकत्र करून ४० तटाआड उभे करा आणि ८० बाहेर. पहिल्या फेरीत आतले ४० बाहेरच्यांपैकी सरासरी १३ पाडतात आणि बाहेरचे ८० आतलेही १३ च पाडतात. तटाने ४० जणांना ८० च्या बरोबरीला आणून बसवलं. मुलांना इथे आनंद होतो, पण खेळ पुढे न्यावा. आत राहिले २७, बाहेर ६७. दुसऱ्या फेरीनंतर आत १६, बाहेर ५८. तिसरीनंतर आत ६, बाहेर ५३. चौथ्या फेरीत किल्ला पडतो.

कारण साधं आहे. १३ माणसं गेली की ४० मधला तिसरा हिस्सा गेला, ८० मधला फक्त सहावा. तट माणसं वाढवत नाही, वेळ वाढवतो. त्या वेळात बाहेरून कुमक आली नाही, तर कितीही भक्कम तट पडतो.

बेळगावने हे स्वतः पाहिलं आहे. इथल्या किल्ल्याची मुळं रट्ट राजवटीत, इसवी सन १२०४ पर्यंत जातात. १८१८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या थॉमस मन्रो याने त्याला वेढा घातला, तेव्हा आत पेशव्यांची सुमारे १,६०० माणसांची शिबंदी होती. तिने २१ दिवस किल्ला धरला आणि १० एप्रिलला तो शरण गेला. कुमक यायची तरी कुठून? २० फेब्रुवारीलाच अष्टीच्या लढाईत पेशव्यांचे सेनापती बापू गोखले पडले होते. फाशाच्या चार फेऱ्यांत मुलांना जे कळतं, ते या तारखांमध्ये लिहिलेलंच आहे.

एक मावळा, वीस माणसं

आता तिसरं माप. १,६०० मावळे कुणाच्याच अंगणात मावणार नाहीत. म्हणून युद्धखेळांच्या जुन्या नियमपुस्तिकांत एक सैनिक २० माणसांच्या वतीने उभा करायची रीत होती. त्या हिशेबाने बेळगावची अख्खी शिबंदी ८० मावळ्यांत बसते. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे आणि त्या रेजिमेंटची परंपरा १७६८ पासूनची. साधारण ८०० जवानांची एक बटालियन या मापाने ४० मावळ्यांची होते. मघाशी तटाआड उभे होते तेवढीच.

राहिलं रंगकाम. तयार रंगवलेला मावळा घेण्यापेक्षा कोरा घेऊन घरी रंगवावा, असं मला मनापासून वाटतं. आधी सगळ्यांवर पांढरा हात. तो वाळला की एका रंगाने एकच वस्तू सगळ्यांची करायची. सगळे फेटे, मग सगळे अंगरखे, मग कंबरबंध, ढाली, शेवटी शून्य नंबरच्या ब्रशने डोळे आणि मिशा. कारागीर असेच रंगवतात आणि परदेशातले सैन्य जमवणारेही. रंग पुन्हा पुन्हा कालवावा लागत नाही, हात बसतो, आणि विसाव्या मावळ्याची मिशी पहिल्यापेक्षा नीट येते.

एका मावळ्याला एकूण २० मिनिटं धरली, तर ८० मावळ्यांना १,६०० मिनिटं लागतात, म्हणजे जवळपास पावणेसत्तावीस तास. चार मुलांनी रोज तासभर दिला, तर आठवडाभराचं काम.

हिशेबातली मिनिटं आणि किल्ल्यातली माणसं सारखीच आली. २० माणसांचा एक मावळा आणि त्याला २० मिनिटं, म्हणजे तटावरच्या प्रत्येक शिपायाच्या वाट्याला एक मिनिट. त्यांतल्या बहुतेकांची नावं आपल्यापर्यंत पोचलेली नाहीत. दिवाळी सरल्यावर मावळे वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात ठेवताना मुलांना एवढं सांगावं, म्हणजे पुढच्या वर्षी ते खोकं जपून उघडलं जाईल.