एका पेपरापायी अडलेली पदवी

आमच्या दिवाणखान्याच्या भिंतीवर चार चौकटी आहेत. आजोबांची पदवी आग्रा विद्यापीठाची, काकांची उज्जैनच्या विक्रमची, माझी इंदूर विद्यापीठाची आणि मुलीची देवी अहिल्या विश्वविद्यालयाची. पाहुणे म्हणतात, फार हिंडलात हो शिक्षणासाठी! आम्ही कुठेच हिंडलो नाही. इंदूरच्या रामबागेतून निघायचं, भंवरकुव्याच्या अलीकडे-पलीकडे शिकायचं आणि संध्याकाळी घरी. विद्यापीठं मात्र बदलत गेली. 1957 मध्ये विक्रम झालं, 1964 मध्ये इंदूरला स्वतःचं विद्यापीठ मिळालं आणि 1988 मध्ये त्याला अहिल्याबाईंचं नाव लागलं.

पाचवी चौकट असायला हवी होती, आत्याची. तिला बी.ए.च्या शेवटच्या वर्षी इंग्रजीत सप्लीमेंट्री आली. घरात कुणी रागावलं नाही, उलट समजूतच घातली: जाऊ दे, नाही तरी लग्नाचं बघायचंच आहे. सगळे पेपर सुटले होते, एक राहिला. तो आज पन्नासपेक्षा जास्त वर्षं राहिलेला आहे.

हे आठवायचं कारण आमच्या वरच्या खोलीतला भाडेकरू. धार जिल्ह्यातल्या मनावर गावचा मुलगा, सरकारी कॉलेजात बी.ए.ला, संध्याकाळी पार्सलं पोचवतो. गेल्या पावसाळ्यात तो सकाळीही घरीच दिसायला लागला, म्हणून विचारलं. तो जिन्यावर बसला आणि प्लास्टिकच्या फोल्डरमधून मार्कशीट काढून पुढे धरली. “डिग्री तो गई, काका.” मी चष्मा लावून पाहिलं. मुख्य विषय सुटलेला, गौण सुटलेला, व्यावसायिक विषयात तर चांगले गुण. अडलेला एकच, आधार पाठ्यक्रमातला इंग्रजीचा पेपर. शेवटच्या ओळीत इंग्रजीत चार अक्षरं: एटीकेटी. ती त्याला शिक्का वाटली होती. फॉर्म भरला का, म्हटलं. कुठला फॉर्म, म्हणाला.

कॉलेज सोडणारी बरीच मुलं अशीच एखाद्या ओळीवर अडखळलेली असतात. घरच्यांच्या आणि शेजाऱ्यांच्या समजुती त्यांना तिथून उठू देत नाहीत. त्यातल्या काही इथे तपासून पाहू.

“नापास झाला, म्हणजे वर्ष गेलं”

एटीकेटी हे ‘अलाउड टू कीप टर्म्स’चं लघुरूप. म्हणजे ती परवानगी आहे. ठरावीक मर्यादेपर्यंत विषय राहिले तरी पुढच्या वर्षाच्या वर्गात बसा आणि राहिलेला पेपर नंतर सोडवा, एवढाच तिचा अर्थ. पूरक परीक्षा, आपल्याकडे जिला सरसकट सप्लीमेंट्री म्हणतात, तीही पूर्ण वर्ष पुन्हा करायला लावत नाही, राहिलेला पेपर तेवढा द्यायचा असतो. किती विषयांपर्यंत सवलत, हे त्या-त्या अभ्यासक्रमाच्या अध्यादेशात लिहिलेलं असतं. ते कॉलेजच्या परीक्षा विभागातच विचारावं, चहाच्या टपरीवर विचारू नये.

फसगत होते ती दुसरीकडेच. या परीक्षेला आपोआप नाव लागत नाही. तिचा फॉर्म वेगळा, शुल्क वेगळं, मुदत वेगळी. मुदत टळली की काही दिवस विलंब शुल्क चालतं, मग पोर्टलच बंद. निकालाच्या दिवशी सगळं घर टक्के बघतं, खालची ओळ वाचायचं भान कुणाला नसतं. पुढचे आठ-दहा दिवस मुलगा तोंड लपवून फिरतो आणि बहुतेक वेळा फॉर्मची मुदतही त्याच दिवसांत असते.

आणखी एक प्रकार मी दोन-तीनदा पाहिलाय. लेखी परीक्षा सुटलेली असते, पण प्रोजेक्ट किंवा इंटर्नशिपचे गुण वेळेत चढलेले नसतात, म्हणून निकाल रोखलेला दिसतो. घरी मात्र अर्थ लागतो, ‘लटकला.’ असा रोखलेला निकाल नापासाचा नसतो. प्रोजेक्टची पोच घेऊन विभागात गेलं की बहुधा मार्ग निघतो. अर्थात ती पोच जपून ठेवलेली असेल तर.

“एकदा गॅप पडला की दार बंद”

ही समजूत सगळ्यात जुनी, आणि नुकसान सगळ्यात जास्त हिनेच केलंय.

विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑक्टोबर 2015 मध्ये विद्यापीठांना मार्गदर्शक सूचना दिल्या: अभ्यासक्रमाच्या ठरलेल्या कालावधीनंतर आणखी 2 वर्षं विद्यार्थ्याला पदवी पुरी करू द्यावी, अपवादात्मक परिस्थितीत त्यावर आणखी 1 वर्ष. तीन वर्षांच्या बी.ए.ला म्हणजे पाच, वेळ आलीच तर सहा.

मध्य प्रदेशात 2021-22 पासून नवं शिक्षण धोरण कॉलेजांत आलं. त्याआधी ते लागू केलं होतं फक्त कर्नाटकाने. आयोगाचा पदवीसाठीचा श्रेयांकांचा (क्रेडिट्सचा) आराखडा डिसेंबर 2022 चा. त्याचा हिशेब असा: पहिल्या वर्षाअखेर 40 श्रेयांक, दुसऱ्याअखेर 80, तिसऱ्याअखेर 120 झाले की पदवी आणि चौथं वर्ष केलं तर 160 ला ऑनर्स. मध्येच बाहेर पडलेल्याला तीन वर्षांच्या आत परत येता येतं आणि सगळं मिळून सात वर्षांत पदवी पुरी करायची असते. हे श्रेयांक जमा राहावेत म्हणून 29 जुलै 2021 ला ‘अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ सुरू झाली.

बँक म्हटलं की लोकांना वाटतं, पैसे टाकले, आता काळजी नाही. तसं नाही. आयडी काढून तो कॉलेजच्या नोंदीशी जोडलेला असावा लागतो आणि कॉलेजने श्रेयांक चढवलेले असावे लागतात. शिवाय जो 2021 च्या आधीच्या योजनेत शिकत होता, त्याला हा सात वर्षांचा हिशेब जसाच्या तसा लावता येत नाही, त्याच्यावर जुना अध्यादेश चालतो. निमाडातल्या मुलांसाठी आणखी एक बाब: खरगोनला 2024 पासून क्रांतिसूर्य टंट्या भील विद्यापीठ वेगळं झालंय. जुना पेपर राहिलेल्याने अर्ज इंदूरला करायचा की खरगोनला, हे आधी विचारून घ्यावं. नाही तर बसस्टँडवरच्या फेऱ्याच नशिबी.

“सर्टिफिकेट मिळालं ना, मग झालं की”

ही समजूत नवी, चार-पाच वर्षांची. एका वर्षानंतर बाहेर पडलं तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, हे खरं. पण त्यासाठी आराखड्यात 4 श्रेयांकांचा कौशल्याचा अभ्यासक्रम जादा करायला सांगितलाय. वर्ग सोडून दिला की कागद हातात पडतो, असं नव्हे. दुसरं म्हणजे ती पदवी नव्हे. जिथे ‘पदवीधर’ लिहिलंय, तिथे ती चालत नाही.

भंवरकुव्याला हे फार ठासून सांगावं लागतं. राज्य लोकसेवा आयोगाचं मुख्यालय इंदूरला, त्यामुळे तिथे दर दुसऱ्या जिन्यावर कोचिंगची पाटी. झाबुआ, अलिराजपूर, बडवानीहून आलेली मुलं एका खोलीत तिघं-तिघं राहतात आणि त्यांतल्या कित्येकांना वाटतं, पीएससीच काढायचीय तर कॉलेजात कशाला झिजायचं? पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्याला पूर्वपरीक्षा देता येते, पण पुढे पदवी दाखवावीच लागते. प्रीलिम्स काढलेला आणि बी.ए. तृतीयचा एक पेपर राहिलेला मुलगा बघितला की वाईट वाटतं. त्याच्याएवढी मॉडर्न हिस्ट्री गल्लीत कुणालाही येत नसते.

“अभ्यासात मनच नाही त्याचं”

यावर वाद घालण्यापेक्षा एक प्रयोग सांगतो. तो आहे न्यू यॉर्कच्या कम्युनिटी कॉलेजांतला. अमेरिकेत नातेवाईक असलेल्या घरांत हा शब्द जरा नाक मुरडूनच उच्चारला जातो. तिथली ही दोन वर्षांची सरकारी कॉलेजं: फी कमी, घराजवळ, पुढे विद्यापीठात जायची वाट उघडी. आपल्याकडे त्या नावाचं कॉलेज पाँडिचेरी विद्यापीठाने 1995 मध्ये काढलं, विद्यापीठ अनुदान आयोगाची योजना 2013-14 मध्ये आली, पण तिचा रोख कौशल्याच्या छोट्या अभ्यासक्रमांवर आहे. नावामुळे गोंधळ होतो. अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजात जी मुलं असतात, कमावती, शिकणाऱ्यांची पहिली पिढी, तशी मुलं इंदुरात साध्या सरकारी कॉलेजांत आहेत.

तर, न्यू यॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने 2007 मध्ये ‘असॅप’ नावाचा कार्यक्रम काढला. बसचा-मेट्रोचा पास फुकट, पुस्तकं फुकट, मदत मिळूनही फीत जी तूट राहील ती माफ आणि प्रत्येकाला एक सल्लागार. एका सल्लागाराकडे साठ ते ऐंशी मुलं. एरवी त्याच कॉलेजांत एकामागे सहाशेच्या वर असत. मुख्य अट, पूर्णवेळ शिकायचं. एमडीआरसी या संस्थेने याची कसून तपासणी केली. शाळेत कच्ची राहिलेली, गरीब घरची जवळजवळ नऊशे मुलं घेऊन चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. तीन वर्षांनी नेहमीच्या गटातल्या 22 टक्के मुलांच्या हाती पदवी होती, असॅपच्या गटात 40 टक्के. मुलं तीच, डोकी तीच. दर मुलामागे खर्च साठेक टक्के वाढला, पण एका पदवीमागे किती पडले असा भागाकार केला तर आकडा उलट कमीच आला. नंतर ओहायोतल्या तीन कॉलेजांनी नक्कल केली: 19 टक्क्यांचे 35 झाले.

असॅपच्या यादीची सुरुवात बसपासने होते, हे मला महत्त्वाचं वाटतं. जुलै 2024 मध्ये इंदुरात ‘पीएम कॉलेज ऑफ एक्सीलेंस’चं उद्घाटन झालं, राज्यातल्या 55 कॉलेजांचं एकदम. तेव्हा भाषणांपेक्षा मला दिवसाला एक रुपयात बस देण्याची घोषणा कामाची वाटली. देपालपूरहून येणाऱ्या मुलीच्या घरी कॉलेज बंद करायचं ठरतं, तेव्हा ते बहुधा भाड्याच्या हिशेबानेच ठरतं.

पैशाच्या आणि कागदाच्या काही समजुती

“स्कॉलरशिप हुशारांना” हे अर्धंच खरं. ‘गाव की बेटी’साठी खेड्यात राहून बारावीत 60 टक्के लागतात आणि महिन्याला 500 रुपये, वर्षाचे दहा महिने मिळतात. पण असंघटित मजूर म्हणून नोंद असलेल्यांच्या मुलांची शिक्षण शुल्काची जी योजना 2018 पासून आहे, तिला टक्क्यांची अट नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना इंदुरात खोलीच्या भाड्यासाठी मदत मिळते, ती वेगळीच. मुलं हे अर्ज पहिल्या वर्षी भरतात आणि दुसऱ्या वर्षी नूतनीकरण विसरतात.

“मूळ मार्कशीट कॉलेजात अडकली” म्हणून दुसरीकडे प्रवेश न घेणारेही भेटतात. पडताळणी झाली की मूळ कागद परत द्यायचे, ठेवून घ्यायचे नाहीत, हे आयोगाने ऑक्टोबर 2018 मध्ये स्पष्ट लिहून दिलंय. तो आदेश दाखवला की आवाज खाली येतो, हा माझा अनुभव.

“दूरस्थ डिग्रीला कोण विचारतं?” आयोगाची मान्यता असलेल्या विद्यापीठाची, मान्यता असलेल्या विषयातली दूरस्थ पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची, असं 2020 च्या नियमांत आहे. इग्नू 1985 पासून आहे, भोपाळचं भोज 1991 पासून. मात्र इंजिनिअरिंग, वैद्यकी, नर्सिंग दूरस्थ होत नाही. असं कुणी विकत असेल तर पैसे खिशात ठेवावेत.

मनावरच्या त्या भाडेकरू मुलाला मी दुसऱ्या दिवशी ऑनलाइन फॉर्म भरायच्या कियॉस्कवर घेऊन गेलो. साधी मुदत संपून चार दिवस झाले होते, विलंब शुल्काचे दोन दिवस बाकी होते. ओटीपी गावी, वडिलांच्या मोबाईलवर जात होता आणि वडील शेतात. अर्धा तास आम्ही तिथल्या बाकावर बसून राहिलो, शेवटी धाकट्या बहिणीने आकडे वाचून सांगितले. पावती छापून आली, तेव्हा त्याने ती दोनदा वाचली, मग घडी न घालता फोल्डरमध्ये ठेवली.

आत्याला हे सगळं सांगितलं. पदवीबद्दल ती काही बोलली नाही. इंग्रजीचा पेपर कधी आहे, तेवढं विचारलं आणि संध्याकाळी पार्सलं झाली की त्याला खाली पाठव म्हणाली.