जिन्यातला बल्ब कोणाचा?

'लोड डिस्ट्रिब्यूशन'ची गणितं आपण परीक्षेत सोडवतो. पण खरं लोड डिस्ट्रिब्यूशन काय असतं ते मला गेल्या मे महिन्यात कळलं. चंद्रपूरला जटपुरा गेटच्या आत एका कॉम्प्लेक्समध्ये आमच्या बाबांचं झेरॉक्स-स्टेशनरीचं दुकान आहे. गाळा भाड्याचा. मे महिन्यात तिथली बोअरची मोटर जळली. चंद्रपूरचा मे महिना बाहेरगावच्या मित्रांना सांगून कळायचा नाही!

मालक म्हणाले, "तुम्ही सगळे मिळून बघा." वरच्या मजल्यावरचे क्लासवाले सर म्हणाले, "सगळ्यांनी सारखे पैसे काढू." बाबा म्हणाले, "माझ्या गाळ्यात नळच नाही, मी कायले देऊ?" या भांडणात चार दिवस गेले. दातांच्या डॉक्टरांना दवाखाना बंद ठेवावा लागला.

करार काढून वाचला. भाडं, डिपॉझिट, दर अकरा महिन्यांनी दहा टक्के वाढ, सगळं होतं. मोटर, जिन्यातला दिवा, झाडणारी बाई, चौकीदार यांच्याबद्दल एक अक्षर नाही. भाड्यासाठी लोक तासभर घासाघीस करतात; भांडणं मात्र याच न लिहिलेल्या खर्चावरून होतात.

मग मी कागद घेऊन बसलो. खाली १५० चौरस फुटांचे सहा गाळे. वर क्लास १२००, विमा ऑफिस ५०० आणि दवाखाना ४०० चौरस फूट. एकूण ३०००. महिन्याचा सामायिक खर्च ५४०० रुपये. नऊ जणांत सारखा वाटला तर प्रत्येकी ६००. क्षेत्रफळाप्रमाणे वाटला तर बाबांना २७० आणि क्लासला २१६०. म्हणजे सर 'सारखे' का म्हणत होते ते लक्षात आलं!

पण क्षेत्रफळसुद्धा पूर्ण खरं नाही, कारण खर्च एका जातीचा नसतो. म्हणून मी तो फोडला. बाई आणि चौकीदार (तो तीन कॉम्प्लेक्स मिळून एकच) यांचे ३००० क्षेत्रफळाप्रमाणे. पाण्याचे १५०० वापराप्रमाणे: क्लासचे ९ हिस्से, दवाखान्याचे ४, ऑफिसचा १ आणि प्रत्येक गाळ्याचा १, कारण संडास सगळेच वापरतात. जिन्याच्या दिव्याचे आणि किरकोळ दुरुस्तीचे ९०० फक्त वरच्या तिघांत. बाबांना आले २२५, ऑफिसला ८७५, दवाखान्याला १०००, क्लासला २१७५. बेरीज बरोबर ५४००.

आपल्या राज्यातल्या कायद्यांचंही यावर एकमत नाही बरं का. सहकारी गृहनिर्माण संस्थेत सेवा शुल्क सगळ्यांना सारखं असतं. १९७० च्या अपार्टमेंट कायद्यात मात्र सामायिक खर्च ज्याच्या त्याच्या हिश्श्याच्या टक्केवारीने. भाड्याच्या गाळ्यांना यातलं काहीच आपोआप लागत नाही. कागदावर लिहाल तेच.

राहिली मोटर. आमच्या विदर्भात पूर्वी १९४९ चा सी. पी. अँड बेरार रेंट कंट्रोल ऑर्डर होता. त्यात भाडेकरूला गाळा सोडण्याची नोटीस द्यायलाही मालकाला रेंट कंट्रोलरची परवानगी लागायची. ३१ मार्च २००० पासून त्याच्या जागी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आला. त्याच्या कलम १४ नुसार जागा वापरण्याजोगी ठेवणं मालकाचं काम. त्याने केलं नाही तर भाडेकरूने किमान १५ दिवसांची नोटीस देऊन दुरुस्ती करायची आणि खर्च भाड्यातून कापायचा; मात्र वर्षाला भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. भाडं ४००० असेल तर १२,०००.

पण बाबांचा करार 'लीव्ह अँड लायसन्स'चा निघाला. कलम १४ भाडेकरूला आहे, परवानगीवर बसलेल्याला नाही. बाबांचा चेहरा उतरला. तेव्हा ओळखीच्या एका वकील काकांनी कलम ५५ दाखवलं. करार लेखी आणि रजिस्टर हवाच, मग तो अकरा महिन्यांचा का असेना. अकरा महिन्यांना रजिस्ट्री लागत नाही हा आपल्याकडचा लाडका गैरसमज! ती करून घेण्याची जबाबदारी मालकाची. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय रजिस्टर करार नसेल तर अटींबद्दल जागा घेणाऱ्याचं म्हणणं खरं धरतात, उलट सिद्ध होईपर्यंत. आमचा करार नुसत्या स्टॅम्प पेपरवरचा. काकांनी मालकांना हे शांतपणे समजावलं आणि मोटर दुसऱ्याच दिवशी बसली.

माझे मामा गडचिरोलीकडे असतात. रस्त्यालगत जागा भाड्याने घेऊन धानाचं गोदाम टाकायचा त्यांचा विचार होता. तिथे खर्चाच्या वाटणीआधीच एक प्रश्न येतो: जमीन कोणाची? सातबारावर आदिवासी खातेदार असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे बिगर-आदिवासीला ती भाडेपट्ट्यानेसुद्धा आधी परवानगी घेतल्याशिवाय मिळत नाही. पाच वर्षांपर्यंत कलेक्टरची, त्याहून जास्त असेल तर शासनाचीही. मामांना हे ठाऊक नव्हतं. ॲडव्हान्स मात्र देऊन झाला होता! सुदैवाने मालक भला माणूस, त्याने पैसे परत केले.

आमच्या कॉम्प्लेक्सचा नवा करार आता रजिस्टर झाला आहे आणि माझा तक्ता त्याला जोडला आहे. क्लासच्या सरांनी सही करताना एक प्रश्न टाकलाच, "चौकीदार रात्री तुमची शटरं राखतो. माझ्या बाकांना कोण नेणार? मग त्याचे सगळ्यात जास्त पैसे मी का देऊ?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. चौकीदाराची ओळ पेन्सिलने लिहून ठेवली आहे. दिवाळीनंतर सगळे परत बसणार आहेत.