कोठडी नव्हे, संरक्षण

नांदेड जिल्ह्यातल्या एका खेड्यात मी शिक्षक होतो. तिथला एक प्रसंग सांगितल्याशिवाय मला या विषयाला हात घालता येत नाही.

२०१९ साल. वस्तीतला एक तरुण, माझाच जुना विद्यार्थी, तीन रात्री झोपला नव्हता. चौथ्या दिवशी तो विळा घेऊन घराच्या पत्र्यावर चढला आणि आपल्याला मारायला माणसे येताहेत असे ओरडू लागला. गावातल्या शहाण्यांनी दोन उपाय सुचवले. काही म्हणाले, भानामती आहे, भगताला बोलवा. बाकीचे म्हणाले, पोलिसांना बोलवा. त्याची आई माझ्याजवळ आली आणि एवढेच म्हणाली, "गुरुजी, पोलिसाला नका बोलवू. मारतेत ते. लेकरू जित्तं राहिलं तर दवाखान्याचं बघता येईल."

शेवटी पोलीस आलेच. त्याला दोराने बांधून नेले आणि रात्रभर कोठडीत ठेवले. सकाळी जमादाराने मलाच विचारले, "गुरुजी, ह्याला न्यायचं कुठं?" त्याला ठाऊक नव्हते. आणि दर चौदा एप्रिलला संविधानावर भाषण करणाऱ्या मलाही ठाऊक नव्हते. खरी लाज तिथे आहे.

कारण उत्तर कायद्यात लिहिलेले होते. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ मध्ये संमत झाला आणि २०१८ मध्ये अंमलात आला. त्याचे कलम १०० कार्यकर्त्यांनी पाठ करावे असे आहे. मानसिक आजारामुळे जो माणूस स्वतःची काळजी घेऊ शकत नाही आणि भटकतो आहे, किंवा ज्याच्यापासून त्याला स्वतःला वा इतरांना धोका आहे, त्याला पोलिसांनी 'संरक्षणात' घ्यायचे आहे. अटक करायची नाही. का नेत आहोत ते त्याला किंवा त्याच्या माणसाला सांगायचे. शक्य तितक्या लवकर, फार तर २४ तासांच्या आत, जवळच्या सरकारी आरोग्यसंस्थेत तपासणीसाठी न्यायचे. आणि कोणत्याही परिस्थितीत त्याला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवायचे नाही. दाखल करण्याची गरज नाही असे डॉक्टरांनी ठरवले, तर त्याला घरी पोचवण्याची जबाबदारीही पोलिसांचीच. कलम २७ प्रमाणे त्याला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे आणि हे त्याला सांगणे हेही पोलिसांचे कर्तव्य आहे.

आत्महत्येच्या प्रयत्नाचेही तसेच. कलम ११५ म्हणते की असा माणूस तीव्र तणावाखाली होता असे गृहीत धरावे, त्याच्यावर खटला चालवू नये. त्याची काळजी आणि उपचार हे सरकारचे कर्तव्य. जुने कलम ३०९ तर १ जुलै २०२४ पासून, भारतीय न्याय संहिता आल्यावर, गेलेच. मात्र सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न अजूनही गुन्हा आहे. कलेक्टर कचेरीसमोर आत्मदहनाचे इशारे देणाऱ्या आपल्या मित्रांनी हे ध्यानात ठेवावे.

मग अडते कुठे? संकटात आधी पोचतात ते पोलीस. त्यांच्याकडे जीप आहे, ११२ हा क्रमांक आहे. पण आजार ओळखण्याचे शिक्षण त्यांच्याकडे नाही. ते शिक्षण ज्यांच्याकडे आहे ती माणसे जिल्ह्यातच आहेत. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकात मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, सामाजिक कार्यकर्ता आणि परिचारिका अशी पदे असतात. शेतकऱ्यांच्या आत्महत्या रोखण्यासाठी २०१५ मध्ये मराठवाडा-विदर्भाच्या चौदा जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' सुरू झाला. त्यात आशाताई घरोघर गेल्या. नांदेड आणि लातूर दोन्हीकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालये आहेत. राज्याची जुनी चार मनोरुग्णालये मात्र ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला. मराठवाड्यात त्यांतले एकही नाही. म्हणून पहिल्या तासात, दारातच काय होते याला आपल्याकडे अधिक मोल आहे.

परदेशात हे दोन हात जोडले गेले आहेत. अमेरिकेतील मेम्फिस शहरात १९८७ साली मानसिक आजाराने ग्रस्त एक काळा तरुण पोलिसांच्या गोळीने मेला. लोकांच्या संतापातून १९८८ मध्ये तिथे खास प्रशिक्षित पोलिसांचे पथक उभे राहिले. इंग्लंडमध्ये २०१३ च्या सुमारास अनेक भागांत पोलिसाबरोबर मानसिक आरोग्य परिचारिका जाऊ लागली. तिचे काम साधे असते. ती गर्दी मागे सारते, खाली बसते, नावाने हाक मारते. किती दिवस झोप नाही, औषध कधी बंद झाले, दारू अचानक सोडली का, ताप आहे का, फवारणीचे औषध तर पोटात गेले नाही ना, हे ती विचारते. या एकेका प्रश्नावर जीव अवलंबून असतो. आणि दोर बांधणाऱ्याला ते प्रश्न सुचत नाहीत.

आपल्या वस्तीसाठी ही परिचारिका आणखी एका कारणाने हवी. त्या आईचे भय हा काही आजार नव्हता. १९७८ च्या नामांतराच्या दंगलीत नांदेड-परभणीच्या वस्त्या जळाल्या, तेव्हापासूनचे ते भय आहे. डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी न्यायालयीन कोठडीत मरण पावला, तेव्हा ते ताजे झाले. जीपमध्ये परिचारिका बसली तर एक साक्षीदार बसतो.

पण सावध राहावे लागेल. परिचारिकेच्या मनातही जात असू शकते. 'वेडा' हा शिक्का सत्तेला नेहमीच सोयीचा असतो. म्हणूनच कलम ३ सांगते की कुणाची सामाजिक, आर्थिक, राजकीय स्थिती पाहून किंवा समाजाच्या रूढ मूल्यांविरुद्ध वागतो म्हणून त्याला मनोरुग्ण ठरवता येणार नाही. आमच्या अटी तीनच असाव्यात: प्रकृतीच्या बाबतीत शब्द परिचारिकेचा चालेल, घरचे किंवा वस्तीतले एक माणूस बरोबर राहील, आणि काय घडले याची लेखी नोंद होईल.

पोलीस आणि परिचारिका यांनी एकत्र जावे असे कायदा स्पष्ट म्हणत नाही. पण पोलिसांना वेळोवेळी प्रशिक्षण द्यावे असे कलम ३० म्हणते. तिथून सुरुवात करता येईल. शांतता समितीच्या बैठकीत आपण मिरवणुकीच्या मार्गावर तासभर भांडतो. हा प्रश्नही तिथे मांडावा. प्रत्येक विहारात, वाचनालयात, लातूरच्या शिकवणीवर्गांभोवतीच्या वसतिगृहांत कलम १०० चा कागद लावावा आणि त्याखाली टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक लिहावा.

तो तरुण आज औषध घेतो, मोंढ्यात हमाली करतो. त्या रात्रीबद्दल तो काही बोलत नाही. त्याची आई मात्र गावात जीप शिरली की हातातले काम टाकून आधी त्याला शोधते. तो कागद मी पहिल्यांदा तिच्या दारावर चिकटवला. तिला वाचता येत नाही. तिच्या नातीने तो तिला वाचून दाखवला.