गिनीपिगाचा मूत्रविकार: पाळणाऱ्यांस चार शब्द

आमचे कोहमारा हे हमरस्त्यावरचे गाव. नागपूरहून रायपूरकडे जाणारा मोठा रस्ता येथून जातो आणि गोंदियाचा रस्ता त्यास येथेच मिळतो. त्यामुळे शहरात जे नवे निघते ते येथे पोहोचण्यास फारसा विलंब लागत नाही. गाय, बैल, शेळी, कोंबडी ही तर आमच्या अंगणातील जुनी मंडळी. परंतु अलीकडे शहरातून परतणारी मुले कधी कधी पिंजऱ्यातून एक नवा पाहुणा घेऊन येतात. तो म्हणजे गिनीपिग. हा प्राणी गोजिरवाणा आहे, गरीब आहे व सांभाळण्यास सोपा आहे, असा समज आहे. पहिल्या दोन गोष्टी सर्वस्वी खऱ्या. तिसरी मात्र अर्धीच खरी होय. या प्राण्यास लघवीचा विकार वारंवार जडतो. तो वेळीच ओळखला तर प्राणी बहुधा वाचतो. न ओळखला तर एक-दोन दिवसांतही दगावतो. यास्तव त्याविषयी आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस चार शब्द सांगावे, असे आम्ही योजिले आहे.

प्रथम या पाहुण्याची ओळख करून घेऊ. नावात 'पिग' असले तरी हा डुकराच्या जातीचा नव्हे. उंदीर, खार यांच्याप्रमाणे हा कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या वर्गातला. याचे मूळ घर दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताचा प्रदेश. तेथील लोकांनी त्यास हजारो वर्षांपूर्वी माणसाळविले आणि सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांबरोबर तो युरोपात गेला. मनुष्यजातीवर त्याचे उपकार थोडे नाहीत. १८८२ साली रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधून काढला, तो ज्या प्राण्यांवर प्रयोग करून, त्यांत गिनीपिग प्रमुख होता. १८९२ साली पॅरिस येथे हाफकिन यांनी पटकीची लस सिद्ध केली, तीही याच प्राण्याच्या साहाय्याने. पुढे १८९६ साली मुंबईत प्लेगाने कहर मांडला तेव्हा हेच हाफकिन तेथे आले आणि १८९७ च्या जानेवारीत त्यांनी प्लेगाची लस आधी स्वतःस टोचून घेतली. परळ येथील संस्था आजही त्यांचे नाव धारण करते. ज्या प्राण्याने आमच्या रोगांची परीक्षा आपल्या देहावर सोसली, त्याचा रोग आम्हांस ओळखता येऊ नये, हे काही बरे नव्हे.

आता विकाराचे कारण पाहू. अन्नात चुन्याचे द्रव्य, म्हणजे कॅल्शियम, असते. मनुष्याचे आतडे त्यातील गरजेपुरतेच घेते व बाकीचे मळावाटे जाऊ देते. गिनीपिगाचे आतडे असा हिशेब ठेवीत नाही. ते चुना मोकळ्या हाताने रक्तात घेते आणि शरीरास नको असलेला भाग मूत्रपिंडांस लघवीवाटे बाहेर टाकावा लागतो. त्यातच या प्राण्याची लघवी आम्लधर्मी नसून क्षारधर्मी असते, व अशा लघवीत चुना सहज साकळतो. विहिरीचे जड पाणी रोज एकाच भांड्यात उकळले असता त्याच्या तळाशी पांढरा थर बसतो, हे सर्वांनी पाहिले आहे. गिनीपिगाच्या मूत्राशयात बसणारा थर बहुतांशी त्याच पदार्थाचा असतो. पाणी पोटात कमी गेले, लघवी दाट झाली, की थराची वाळू होते आणि वाळूचा खडा होतो. यालाच आपण मुतखडा म्हणतो.

खड्याखेरीज दुसरे कारण जंतूंचे. मादीचे मूत्रद्वार गुदद्वाराच्या अगदी जवळ असते. पिंजऱ्यातील अंथरूण ओले व घाण राहिले म्हणजे विष्ठेतील जंतू मूत्रमार्गाने वर चढतात आणि मूत्राशयास सूज येते. नरात मूत्रमार्ग लांब व अरुंद असल्याने लहानसा खडाही तेथे अडकून लघवी साफ बंद होण्याचे भय अधिक. सारांश, मादीस सुजेची भीती विशेष आणि नरास अडथळ्याची. तथापि दोन्ही विकार दोघांसही होऊ शकतात.

येथे एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. निरोगी गिनीपिगाची लघवीही थोडी गढूळच असते आणि वाळल्यावर खडूच्या भुकटीसारखा पांढरा डाग राहतो. तेवढ्याने घाबरू नये. परंतु ती भुकटी बोटांत चोळली असता वाळूसारखी कचकचली, तर चुना फार साकळत आहे असे जाणावे. तसेच काही वनस्पतींतील रंगद्रव्यांमुळे लघवी कधी नारिंगी वा तांबूस दिसते. ते रक्त असेलच असे नाही. मात्र रक्त की रंग, याचा निवाडा डोळ्यांनी करू नये. पशुवैद्य कागदी पट्टी लघवीत बुडवून तो क्षणात करितात.

खरी धोक्याची चिन्हे निराळी आहेत. लघवी करिताना प्राणी पाठ वाकवून बसतो व बारीक कण्हतो; वारंवार बसतो, पण थेंबच पडतात; पोटाखालचे केस ओले राहून दुर्गंधी येते; तो दात खातो, कोपऱ्यात अंग चोरून बसतो आणि आवडीच्या पाल्याकडेही पाहत नाही. समजा, एखाद्या मुलाने सकाळी पाहिले की पिंजऱ्यातील कागद कोरडा आहे व प्राणी अन्न शिवत नाही. घरातील वडील मंडळी म्हणतील, "पोट बिघडले असेल, उद्यापर्यंत वाट पाहू." ही वाट पाहणेच घातक ठरते. लघवी पूर्ण अडली असता विष रक्तात साचते. शिवाय या प्राण्याचे आतडे उपाशी राहिले की मंदावते व त्यानेही जीव जातो. अशा वेळी त्याच दिवशी पशुवैद्यास गाठणे हाच एक उपाय होय.

आमच्याकडील पशुवैद्यकीय दवाखान्यांत गुरेढोरे व शेळ्या यांचीच वर्दळ असते, हे खरे. तरी प्रथम तेथेच जावे. खडा चुन्याचा असल्याने क्ष-किरणांच्या चित्रात तो बहुधा स्पष्ट उमटतो. शस्त्रक्रियेची वेळ आली तर नागपूर गाठावे लागेल. तेथील पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ सालापासून चालू आहे. कोहमाऱ्याहून नागपूर शंभराहून अधिक किलोमीटर आहे. म्हणूनच निर्णय सकाळी घ्यावा, रात्री नव्हे.

काय करू नये, तेही तितकेच महत्त्वाचे. माणसाच्या मुतखड्यावर आपल्याकडे कुळथाचे कढण देतात, पानफुटीची पाने चावावयास सांगतात. हे उपचार या प्राण्यावर मुळीच करू नयेत. चुन्याचा तयार झालेला खडा असल्या कशानेही विरघळत नाही आणि पानफुटीच्या जातीच्या वनस्पती जनावरांच्या हृदयास विषारी असतात. घरात उरलेल्या माणसांच्या गोळ्याही देऊ नयेत. पेनिसिलिनच्या जातीची औषधे, उदाहरणार्थ अमॉक्सिसिलिन, गिनीपिगाच्या आतड्यातील उपकारक जंतूंचा नाश करून त्याचा प्राण घेतात. जे औषध बालकास तारते तेच या जिवास मारते, हे लक्षात ठेवावे.

आता प्रतिबंध. यात पहिला मान पाण्याचा. एक किलो वजनाच्या गिनीपिगास दिवसास सुमारे शंभर मिलिलिटर पाणी लागते. उन्हाळ्यात त्याहूनही अधिक. पिंजऱ्यास टांगलेल्या बाटलीच्या नळीतील गोळी कधी कधी अडकते. बाटली भरलेली दिसते आणि प्राणी तहानलेला राहतो. म्हणून रोज बोटाने गोळी हलवून पाहावी व वैशाखात मातीच्या पसरट भांड्यातही पाणी ठेवावे. दुसरा मान गवताचा. धुऱ्यावरचे ताजे गवत, दूर्वा व वाळलेले गवत हेच त्याचे मुख्य अन्न होय. मात्र औषध फवारलेल्या शेतातले गवत आणू नये. धानाचे तणस चघळावयास चालेल, पण केवळ त्यावर तो जगणार नाही. लसूणघास व शेवग्याचा पाला यांत चुना पुष्कळ असतो. वाढत्या पिलांस लसूणघास योग्य, पण प्रौढ प्राण्यास ते रोजचे अन्न करू नये. पालकही क्वचितच द्यावा. मनुष्याप्रमाणे या प्राण्यासही 'क' जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करिता येत नाही. ते न मिळाल्यास त्याची प्रकृती ढासळते. यास्तव सिमला मिरचीचा तुकडा रोज व पेरूची लहानशी फोड अधूनमधून द्यावी. जीवनसत्त्वाची गोळी पाण्यात विरघळवू नये. तिचा गुण लवकर नष्ट होतो आणि चव बदलल्याने प्राणी पाणीच कमी पितो. अंथरूण रोज बदलावे. आठवड्यातून एकदा तराजूवर वजन करून वहीत टिपून ठेवावे. पुष्कळदा आजार आधी वजनात दिसतो, मग डोळ्यांस.

ज्यांच्या घरी गिनीपिग नाही त्यांनी हा लेख आपल्यासाठी नाही असे समजू नये. आपला भाग धानाचा. गिरणीचा कोंडा स्वस्त मिळतो व खच्ची केलेल्या बोकडास तो भरपूर चारला जातो. त्यासही मुतखडा होतो, पण तो निराळ्या कारणाने. कोंड्यात चुना अत्यल्प आणि स्फुरद फार. त्या स्फुरदाचाच खडा बनतो व लहानपणी खच्ची केलेल्या बोकडाच्या अरुंद मूत्रमार्गात अडकतो. म्हणजे गिनीपिगास जो चुना अधिक झाला तोच बोकडास कमी पडला. यावरून एकाचे पथ्य दुसऱ्यास लावू नये, हा एक धडा मिळतो. परंतु स्वच्छ पाणी आणि पोटभर गवत या दोन गोष्टी दोघांसही सारख्याच तारक आहेत, हा दुसरा.

मुका प्राणी आपले दुःख शब्दांनी सांगू शकत नाही. पिंजऱ्यात बंद असल्याने तो आपले पाणी शोधावयास जाऊ शकत नाही, की आपले गवत निवडू शकत नाही. परमेश्वराने जो जीव आमच्या हाती सोपविला, त्याची तहान ओळखण्याचे काम त्याच हातांकडे आले. विद्यार्थ्यांनी रोज सकाळी शाळेस निघण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात: पाणी किती उतरले, कागद ओला झाला की नाही, आणि पाला खाल्ला की नाही. यास दोन मिनिटेही लागत नाहीत. परंतु या दोन मिनिटांवर एका जिवाचे जगणे अवलंबून आहे, हे ज्याने ओळखले त्यानेच प्राणी पाळावा.