ट्रॅक्टरच्या रंगासाठी नैसर्गिक मेण की कृत्रिम लेप?

ट्रॅक्टरचे ऑईल आणि फिल्टर आपण वेळेवर बदलतो, पण रंगाकडे सहसा लक्ष देत नाही. मग बँकेचे हप्ते फिटण्याआधीच बॉनेट फिके पडते आणि मडगार्डच्या कडांना गंज धरतो. रंग म्हणजे केवळ शोभा नव्हे, तर ते पत्र्याचे कवच आहे. उन्हाने रंग कमजोर होतो. खताची धूळ ओल धरून ठेवते आणि म्युरेट ऑफ पोटॅशमधील क्लोराइडमुळे उघड्या पत्र्यावर गंज लवकर वाढतो. हे टाळण्यासाठी बाजारात दोन प्रकारचे लेप मिळतात.

नैसर्गिक मेण : यात कार्नोबा मेण मुख्य असते. ब्राझीलच्या ईशान्य भागातील एका ताडवर्गीय झाडाच्या पानांपासून ते मिळते. मधमाश्यांचे मेण सुमारे ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळते, तर कार्नोबा ८० अंशांच्या पुढे. म्हणून तापलेल्या बॉनेटवर कार्नोबाच अधिक टिकते. ते लावायला सोपे असून चकाकी चांगली येते. मात्र उघड्यावर ते काही आठवडेच टिकते.

कृत्रिम लेप : हा पॉलिमरपासून बनवितात व 'पेंट सीलंट' नावाने विकतात. तो साधारणपणे काही महिने टिकतो. ऊन, पाऊस व साबण तो मेणापेक्षा अधिक सोसतो. मात्र पत्रा पूर्ण स्वच्छ नसेल तर तो नीट धरत नाही.

निवड कशी करावी? ट्रॅक्टर शेडमध्ये राहत असेल व दर महिना-दीड महिन्याने हात फिरविण्याची तयारी असेल, तर मेण पुरेसे आहे. ट्रॅक्टर उघड्यावर उभा राहत असेल किंवा खत टाकणे व फवारणी यांसाठी वापरात असेल, तर कृत्रिम लेप घ्यावा. दोन्ही वापरायचे झाल्यास आधी लेप द्यावा व तो वाळल्यावर मेण लावावे. मेणावर लेप धरत नाही.

लावण्याची पद्धत : चिखल व खत पाण्याने धुऊन पत्रा कोरडा करावा. गंजलेली जागा घासून, प्रायमर व रंग देऊन पूर्ण वाळू द्यावी. गंजावर कोणताही लेप उपयोगाचा नाही. नंतर सावलीत, थंड पत्र्यावर मऊ फडक्याने पातळ थर द्यावा. डब्यावर सांगितलेल्या वेळेपर्यंत पाणी लागू देऊ नये. पायदान, पेडल व स्टिअरिंगवर लेप लावू नये. पाय किंवा हात घसरून अपघात होईल.

डिझेल किंवा जळके ऑईल पुसून चमक आणण्याची सवय सोडावी. त्यावर धूळ बसते व रबरी भाग खराब होतात.

लेप टिकला आहे की नाही, हे पाणी शिंपडून पाहावे. थेंब गोल उभे राहिले तर लेप शाबूत आहे. पाणी पसरले तर पुन्हा द्यावा. पहिला हात पावसाळ्यापूर्वी, मे महिन्यातच द्यावा. एका सकाळच्या या कामाने पुढे पत्रा बदलण्याचा खर्च वाचतो आणि ट्रॅक्टर विकताना चार पैसे जास्त मिळतात.