एका टॉवरवर बारांचा भार

ग्रामीण भागात ५जी कितपत चालेल हे तपासायचं म्हणून जगभरच्या अभियंत्यांनी कागदावर एक खेडं मांडलं. त्यात शेजारच्या दोन टॉवरमधलं अंतर धरलं १७३२ मीटर. प्रत्येक टॉवरची हद्द षटकोनी मानतात, कारण मधमाश्यांच्या पोळ्यातल्यासारखे षटकोन एकमेकांना चिकटून बसतात, मधे फट राहत नाही. मध्यापासून कोपऱ्यापर्यंत एक किलोमीटर धरलं, की शेजारच्या दोन मध्यांमधलं अंतर येतं तीनच्या वर्गमुळाइतके किलोमीटर, म्हणजे १७३२ मीटर. आकडा देखणा आहे. पण त्या खेड्यातल्या मोटारी ताशी १२० किलोमीटरने धावतात. हे खेडं आपल्याकडचं नव्हे, हे तेवढ्यावरूनच कळतं.

कागदावरच्या या खेड्याला फार महत्त्व असतं. तंत्रज्ञान किती अंतरावर चाललं पाहिजे हे कसोटीत लिहिलं जातं, कसोटी पाहून चिप घडते आणि ती चिप कोट्यवधी फोनांत जाऊन बसते. पावणेदोन किलोमीटरवर टॉवर उभारण्याइतकी कमाई जिथून होणार नाही, ती गावं या साखळीच्या पहिल्याच कडीत गळतात.

चेन्नईत, आयआयटी मद्रासमध्ये आणि तिच्या रिसर्च पार्कमधल्या ‘सेंटर ऑफ एक्सलन्स इन वायरलेस टेक्नॉलॉजी’त, हा हिशेब उलट्या टोकाकडून सुरू झाला. भारतनेट या सरकारी योजनेची ऑप्टिकल फायबर ग्रामपंचायतीपर्यंत पोहोचते. मग टॉवर तिथेच उभा करायचा. भोवतालच्या वाड्यावस्त्या बहुतेक ठिकाणी तीनेक किलोमीटरच्या आत असतात, म्हणून दोन टॉवरमधलं अंतर सहा किलोमीटर. वाहनांचा वेग ताशी ३० पुरे. २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या कसोटीत हे दुसरं खेडंही दाखल झालं. सहा किलोमीटरला १.७३२ ने भागून उत्तराचा वर्ग केला, तर येतात बरोबर बारा. म्हणजे पहिल्या खेड्यात जेवढ्या मुलखाला बारा टॉवर लागले असते, तेवढा मुलूख इथे एकाने सांभाळायचा! हा बारा मला पहिल्यांदा दिसला तेव्हा मी हिशेब पुन्हा करून पाहिला.

एवढ्या अंतरावर खरी अडचण फोनच्या बाजूने येते. टॉवरकडे वीज भरपूर असते, त्याचा संदेश लांब जातो. खिशातल्या फोनचं उत्तर मात्र वाटेतच विरतं. फोनमधल्या लहरीची उंची सारखी कमीजास्त होत असते, आणि सर्वांत उंच लाट फाटू नये म्हणून फोनला आपली ताकद राखून ठेवावी लागते. आयआयटी हैदराबादचे किरण कुची आणि चेन्नईतले संशोधक यांनी असा लहरींचा आकार पुढे आणला, ज्यात हे चढउतार फार कमी होतात. राखून ठेवलेली ताकद मोकळी होते आणि तोच फोन अधिक लांबून बोलू शकतो. बारांचा भार एकाला पेलायचा, तर ही युक्ती हवीच होती.

या कल्पनांवर भारताच्या टीएसडीएसआय या मानक संस्थेने ५जीआय तयार केलं आणि नोव्हेंबर २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय संघाने त्याला मान्यता दिली. तंत्राच्या बाजूने सगळं जिंकलेलं होतं. अडलं पैशापाशी. नवी चिप आखण्याचा खर्च प्रचंड असतो आणि तो जितक्या फोनांत वाटला जाईल तितका फोन स्वस्त होतो. थ्रीजीपीपी या जागतिक मानक-गटाचं ५जी जगभर चालणार होतं, ५जीआय फक्त भारतात. ज्या शेतकऱ्यासाठी हे सगळं केलं, त्याच्याच हातात महागडा फोन पडायची वेळ! मोबाइल कंपन्यांनी विरोध केला. चीनने असाच प्रयोग ३जीत केला होता: २००९ मध्ये चायना मोबाइल या अवाढव्य कंपनीला स्वदेशी टीडी-एससीडीएमए मानकावर उभं केलं. एवढी बाजारपेठ असूनही ते मानक चीनबाहेर फारसं गेलं नाही.

आणि हा धडा आयआयटी मद्रासला घरातच मिळालेला होता. नव्वदच्या दशकात तिथे प्रा. अशोक झुनझुनवाला, भास्कर राममूर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या ‘टेनेट’ गटाने कॉरडेक्ट बनवलं. टेलिफोनची तार घरोघरी ओढणं फार महाग, म्हणून शेवटचा टप्पा बिनतारी करायचा. त्यासाठी त्यांनी नवं मानक काढलं नाही. युरोपात घरातल्या कॉर्डलेस फोनसाठी ठरलेलं डेक्ट घेतलं आणि दिवाणखान्यापुरतं ते तंत्र समोर अडथळा नसेल तिथे दहा किलोमीटरपर्यंत ताणलं. बोलणं चालू असताना त्यावर इंटरनेटही चाले. ही हिकमत मला आजही थक्क करते. तरी २००३ च्या सुमारास मोबाइलवर येणारे कॉल फुकट झाले, हँडसेटच्या किमती कोसळल्या आणि एका जागी बसलेल्या कॉरडेक्टला त्या लाटेपुढे टिकता आलं नाही. ते वाईट नव्हतं. जगभर खपणाऱ्या मोबाइल हँडसेटइतकी संख्या त्याच्यामागे कधी जमली नाही, इतकंच.

२०२१ संपता संपता ५जीआयबद्दल तडजोड झाली. त्याचे मुख्य गुण थ्रीजीपीपीच्या मानकाच्या ‘रिलीज १७’ या आवृत्तीत घ्यायचे आणि वेगळं मानक मागे ठेवायचं. कित्येकांना ही माघार वाटली. मला नाही वाटत. वेगळं राहिलं असतं, तर त्या लहरीसाठी फक्त भारतापुरती चिप कुणाला तरी मुद्दाम घडवावी लागली असती. आता ती लहर जगभरच्या चिप आखणाऱ्यांसमोर असलेल्या एकाच मानकाचा भाग आहे. आफ्रिकेतल्या विरळ वस्तीच्या एखाद्या जिल्ह्यात कुणी लांब लांब टॉवर रोवायचे ठरवले, तर आपल्या ग्रामपंचायतींसाठी केलेला हा हिशेब त्यालाही आयता मिळेल.